वारशाला लागलेली कसर

गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककरांचे लक्ष दोन ठिकाणी लागलेले असते. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढले हे एक आणि सरकारवाड्याच्या पायऱ्यांना ते लागले की नाही हे दुसरे. पुराचे मोजमाप करण्याची ही जुनी रीत अजून सुटलेली नाही. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर गावाच्या आठवणीत याच खुणांनी राहिले आहेत. पाणी ओसरले की चिखल उपसला जातो, पंचनामे होतात, नुकसानीचे आकडे प्रसिद्ध होतात आणि गाव पुन्हा आपल्या उद्योगाला लागते. परंतु पावसाळ्याबरोबर दुसरेही एक नुकसान सुरू झालेले असते. त्याचा आवाज होत नाही, त्याचे छायाचित्र छापून येत नाही आणि त्याचा पंचनामा कोणी करीत नाही. माळ्यावरच्या पेटाऱ्यात, भिंतीवरच्या खुंटीला, संग्रहालयाच्या काचेआड आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात ठेवलेल्या शिंगाच्या, चामड्याच्या, लोकरीच्या व पिसांच्या वस्तूंना याच दिवसांत कीड लागते. पूर पायरीला लागला की गाव जागे होते. कसर शिंगाला लागली तर घरातला माणूसही जागा होत नाही.

दगड राहिला, वस्त्र गेले

इतिहासाची जी साधने आज हाती आहेत, ती आपण जपली म्हणून उरली असा एक गोड समज असतो. वास्तविक त्यांतील बरीचशी केवळ टिकाऊ पदार्थाची होती म्हणून उरली. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांतील एक शिलालेख या दृष्टीने फार बोलका आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे होते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही दगडावर वाचता येतो. मूळ रक्कम, व्याजाचा दर, भिक्षूंची संख्या, सारे काही आहे; नाही ते केवळ वस्त्र. ते सुती होते की लोकरी, कोणत्या विणीचे होते, हे सांगणारा एक धागाही उरलेला नाही.

अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेल्या नाणेसंशोधन संस्थेमुळे प्राचीन नाण्यांच्या अभ्यासाला नाशिकजवळ हक्काचे घर मिळाले. नाणे धातूचे असल्याने ते मातीखाली शतकानुशतके वाट पाहू शकते. शिंगाच्या फणीला, चामड्याच्या ढालीला किंवा घोंगडीला ही सवलत नाही. परिणामी आपल्या डोळ्यांसमोरचा भूतकाळ राजे, दानधर्म आणि टांकसाळी यांचाच होऊन बसतो. मेंढपाळ, चर्मकार, शिंगाच्या वस्तू घडविणारा कारागीर आणि वाद्ये मढविणारा माणूस यांच्या हातच्या वस्तू कीड खाऊन टाकते आणि त्यांच्याबरोबर ती माणसेही इतिहासातून बाहेर जातात. हा प्रश्न कोण्या हौशी संग्राहकाच्या दिवाणखान्यापुरता मर्यादित नाही, तो येथे.

शिंग म्हणजे काय?

बोलण्यात शिंग हा एकच शब्द असला, तरी त्यात दोन अगदी भिन्न पदार्थ येतात. सांबर व चितळ यांचे शिंग हे हाड असते. ते ठरावीक काळाने गळते व पुन्हा उगवते. आजीबाईच्या बटव्यातील, सहाणेवर उगाळले जाणारे सांबरशिंग हे अशा प्रकारे हाडच होय. काळवीट, गवा, म्हैस आणि बैल यांचे शिंग निराळे. त्याच्या आत हाडाचा गाभा असतो व वर केराटिन नावाच्या प्रथिनाचे आवरण. माणसाचे केस व नखे, मेंढीची लोकर, घोड्याचे खूर, पक्ष्याची पिसे ही सारी याच कुळातील. हस्तिदंताची गोष्ट तिसरीच. तो दात आहे. किड्यांना त्याची फारशी गोडी नसते. त्याचे वैर एकदम वाढणाऱ्या व एकदम उतरणाऱ्या ओलाव्याशी असते, कारण त्याने तो तडकतो.

केराटिन पचविणे ही सोपी गोष्ट नव्हे. त्याचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांशी जखडलेले असल्यामुळे बहुतेक प्राणी त्याच्या वाटेला जात नाहीत. परंतु लोकरीला लागणाऱ्या कसरीच्या अळीच्या आतड्यातील रस हे बंध तोडू शकतो. चामडे, केस व पिसे यांवर जगणाऱ्या काही बारीक भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्यांनाही ही विद्या साधली आहे. आफ्रिकेत तर मेलेल्या प्राण्यांच्या शिंगांवरच निर्वाह करणारी पतंगाची एक जात आहे. तिच्या अळ्या शिंगाबाहेर डोकावणाऱ्या नळ्या बांधतात. त्या पाहून, ही कीड जिवंत जनावराच्या शिंगालाही लागते की काय, असा वाद एकोणिसाव्या शतकात विद्वानांत झाला होता. ती लागते मेलेल्याच शिंगाला. आणि संग्रहालयातील प्रत्येक शिंग हे मेलेलेच असते.

महाराष्ट्राच्या जुन्या वस्तूंत या पदार्थाचा वापर किती होता याची कल्पना आज सहसा येत नाही. काळविटाची दोन शिंगे उलटसुलट जोडून मध्ये मूठ व लहानशी ढाल बसविलेले माडू हे शस्त्र प्रसिद्धच आहे. बंदुकीची दारू बाळगण्यास पोकळ शिंग वापरीत. उत्तम प्रतीच्या धनुष्यात लाकडाच्या एका अंगाला शिंगाची पट्टी व दुसऱ्या अंगाला जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवलेले असत. म्हणजे त्या एका शस्त्रात किड्यांसाठी तीन पक्वान्ने एकत्र वाढलेली असत. शिंग तापविले की मऊ होते व हवा तो आकार घेते. या गुणाचा उपयोग करून कोकणात सावंतवाडी व विजयदुर्गकडच्या कारागिरांनी शिंगाच्या नाजूक वस्तू घडविल्या. याशिवाय देवघरातील मृगाजिन व चवरी, कीर्तनकाराचा मृदंग, धनगराची घोंगडी आणि ग्रंथाची चामडी बांधणी आहेतच. येवल्याच्या पैठणीचे रेशीम हे केराटिन नव्हे. तथापि तेही प्राणिज असल्याने हे भुंगेरे त्यालाही तोंड लावतात.

शत्रू येतो कोठून?

कपाट उघडताच एखादे बारीक, पिवळसर पाखरू फडफडते आणि घरातील माणसे त्याला मारून निश्चिंत होतात. खरे पाहता ते पाखरू काहीच खात नाही. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. खाते ती अळी, आणि अळीला उजेड सहन होत नाही. ती ढालीच्या मागच्या बाजूस, शिंगाच्या पोकळीत, घोंगडीच्या घडीत राहते. पाखरू दिसले याचा अर्थ अळीचे जेवण पूर्वीच उरकले आहे असा होतो. भुंगेऱ्यांचे याच्या उलट. मोठा झालेला भुंगेरा फुलांतील पराग खातो व उजेडाकडे धावतो, म्हणून तो खिडकीच्या कट्ट्यावर मरून पडलेला आढळतो. तेथे सापडलेले तिळाएवढे चार किडे म्हणजे आतल्या दालनातून आलेले पत्रच समजावे. दुर्दैवाने झाडलोट करताना ते पत्र न वाचताच केरात जाते.

जुन्या वाड्यांच्या बाबतीत आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते. आढ्याला व वळचणीला पारव्यांची घरटी असतात. त्यांतील पिसे, मेलेली पिले आणि घाण यांवर कसर व भुंगेरे पिढ्यान्‌पिढ्या पोसले जातात व तेथून खालच्या दालनांत उतरतात. काचेचे कपाट कितीही देखणे असले तरी डोक्यावर किड्यांचे कोठार ठेवून त्याचा उपयोग काय? त्यात पावसाळ्यातील दमट हवा, बंद खिडक्या आणि मिणमिणता प्रकाश यांची भर पडते. ओलावा फार वाढला की चामड्याला बुरशी येते आणि मऊ पडलेल्या पदार्थावर किड्यांचे काम सोपे होते.

पाला, गोळ्या आणि विष

आपल्या पूर्वजांना हा शत्रू ठाऊक नव्हता असे नाही. पोथ्या बासनात घट्ट बांधणे, कपड्यांत वेखंड व कडुनिंबाचा पाला घालणे, पाऊस सरल्यावर ठेवणीतल्या वस्तू उन्हे दाखविण्यास बाहेर काढणे, पैठणी मऊ सुती फडक्यात गुंडाळून मधूनमधून तिची घडी बदलणे, या रीती घरोघरी होत्या. त्यांचे सामर्थ्य पाल्यात किती होते व हाताळण्यात किती होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. वेखंडाच्या वासाने कीड काही काळ दूर राहत असेलही. पण वर्षातून एकदा प्रत्येक घडी उलगडली जात असे, झटकली जात असे व डोळ्यांखालून जात असे, हा त्यातील खरा उपाय होता. आता पाला राहिला आणि उलगडणे गेले. वर्षानुवर्षे न बदललेला वाळका पाला तर काही भुंगेऱ्यांचे अन्नच होतो. शिवाय लोकरीला मानवणारे कडक ऊन शिंगाला सोसत नाही. ते त्याने वाकते व चिरते.

विसाव्या शतकाने पाल्याच्या जागी डांबरगोळी आणली. तिच्या वासाने मन शांत होते, कीड होतेच असे नाही. हवा खेळती असलेल्या कपाटात तिची वाफ निघून जाते व अळी आपले काम चालू ठेवते. हवाबंद पेटीत ती परिणाम करते, परंतु तीच वाफ माणसालाही अपायकारक असते. विशेषतः रक्तातील एका विशिष्ट घटकाची जन्मजात उणीव असलेल्या अर्भकांना या गोळ्यांतले कपडे घातल्यास तांबड्या पेशी फुटून गंभीर आजार होऊ शकतो. बाळंतविड्याच्या पेटीत या गोळ्या टाकणाऱ्या घरांनी हे ध्यानात घ्यावयास हवे. पेंढा भरलेल्या प्राण्यांची कथा याहून भयंकर आहे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बेकर या गृहस्थाने सोमलयुक्त साबणाचा शोध लावला आणि पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ जगभर प्राण्यांची कातडी त्याने माखली गेली. शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या कपाटांत असा एखादा पक्षी वा प्राणी असल्यास तो विषारी आहे असे समजूनच वागावे आणि विद्यार्थ्यांच्या हाती तो उघड्या हातांनी देऊ नये.

विषाशिवाय कीड मारण्याचे मार्ग आता उपलब्ध आहेत व ते अवघड नाहीत. वस्तू पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि शून्याखाली अठरा ते वीस अंश तापमानाच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावी. अंडी, अळ्या, कोश व पाखरे सारी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी किमान एक दिवस उघडू नये, म्हणजे बाष्प पिशवीवर जमते, वस्तूवर नव्हे. लोकर, पिसे व साधे शिंग यांस हा उपाय चालतो. हस्तिदंत, रंगविलेल्या वस्तू, मढविलेली वाद्ये आणि शिंग, लाकूड, धातू व सरस यांच्या जोडकामाच्या वस्तू यांना मात्र तो लावू नये. प्रत्येक पदार्थ थंडीने निराळ्या प्रमाणात आकसतो आणि सांधे उकलतात. त्यांच्यासाठी हवाबंद पिशवीतील प्राणवायू शोषून घेऊन किड्यांना काही आठवडे गुदमरविण्याची पद्धत आहे. अर्थात या दोन्ही उपायांनी आज असलेली कीड मरते. उद्या येणारी थांबत नाही. ती थांबविण्याचे साधन एकच: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाने, प्रत्येक वस्तू पाहणे.

गेलेले परत येत नाही

येथे कोणी म्हणेल की, एक शिंग किडले तर दुसरे आणावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही वाट बंद केली आहे आणि ते योग्यच झाले. काळवीट या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ज्या नाशिक जिल्ह्यात, येवला तालुक्यातील ममदापूरच्या माळांवर, आज काळविटांचे कळप संरक्षणाखाली बागडतात, तेथे त्यांच्या शिंगांसाठी पुन्हा बंदूक उचलली जावी असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु याच कारणास्तव जुन्या संग्रहातील प्रत्येक शिंग आता शेवटचे आहे. त्याला बदली नाही. ज्या काळविटाचे ते होते त्याचा प्राण पूर्वीच गेला. निदान त्याच्यापासून घडलेली वस्तू तरी धुळीस मिळू नये, एवढे त्याचे देणे लागतो.

घरोघरीच्या वस्तूंच्या बाबतीत कायद्याची धास्ती हेही दुर्लक्षाचे एक कारण आहे. घोषणा न केलेली जुनी शिंगे, कातडी वा मुंडकी माळ्यावर दडपून ठेवली जातात आणि दडपलेल्या वस्तूकडे कोणी पाहत नाही. अशा वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हाच संपली. मात्र २०२२ च्या दुरुस्तीने अशा वस्तू स्वेच्छेने व मोबदल्याविना वन्यजीव खात्याच्या स्वाधीन करण्याची सोय केली आहे. जुने नाशिक व पंचवटी भागातील वाडे एकामागून एक उतरविले जात असताना ही माहिती लोकांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. पाळीव म्हशी-बैलांच्या शिंगांच्या, चामड्याच्या वा लोकरीच्या वस्तूंना तर ही अडचणही नाही. तेथे आड येतो तो केवळ आळस.

या बाबतीत प्रगत देशही निर्दोष नाहीत. पृथ्वीवरून नाहीसा झालेल्या डोडो पक्ष्याचा एक नमुना ऑक्सफर्डच्या संग्रहालयात होता. तो इतका खराब झाला की १७५५ मध्ये तो काढून टाकण्याचे ठरले. एक मुंडके व एक पाऊल तेवढे वाचले. ज्या विद्यापीठाला जग विद्येचे माहेरघर मानते, तेथेही वेळच्या वेळी पाहणारा डोळा नव्हता.

पाहणारा माणूस हवा

पिण्याचे पाणी, कांद्याचा भाव आणि बेकारी यांनी गांजलेल्या जिल्ह्यात शिंगांची व पिसांची चिंता करणे ही चैन आहे, असा आक्षेप येऊ शकतो. खर्चाच्या मोठमोठ्या योजना मागितल्या जात असत्या तर त्यात तथ्य होते. येथे मागणी आहे ती एका वहीची, एका विजेरीची, एका भिंगाची आणि महिन्यातील एका सकाळची. वस्तूंची क्रमवार यादी करावी; दर महिन्याला प्रत्येक वस्तूची मागची बाजू व पोकळी पाहावी; तिच्याखाली पांढरा कागद अंथरून त्यावर पडलेला भुसा, कात किंवा मेलेला किडा नोंदवावा; नव्याने आलेली वस्तू काही आठवडे वेगळी ठेवावी; आढ्यावरील घरटी काढून जाळ्या बसवाव्यात. कागदावर कालपर्यंत नसलेला भुसा आज दिसला, एवढे कळणे म्हणजे निम्मी लढाई जिंकणे होय. यासाठी पदवी लागत नाही; नियमितपणा लागतो.

शास्त्रीय साह्य देशात नाही असेही नाही. लखनौला १९७६ पासून सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनकार्याचा स्वतंत्र विभाग आहे. उणीव आहे ती या मोठ्या संस्था आणि तालुक्याचे वाचनालय, मठ, शाळा व घर यांच्यामधल्या दुव्याची. नाशिकसारख्या शहरात सरकारवाड्याच्या रूपाने पुरातत्त्व खात्याने संग्रहालय उभे केले, १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय जुने ग्रंथ सांभाळीत आले, महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत. या सर्वांनी मिळून एक मोठी शीतपेटी व एक प्रशिक्षित माणूस ठेवला, तर जिल्ह्यातील कोणत्याही लहान संस्थेला आपली किडलेली वस्तू तेथे आणता येईल. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कीटकांचे जीवनचक्र फळ्यावर शिकण्याऐवजी खिडकीच्या कट्ट्यावर शिकता येईल. ज्या भुंगेऱ्यांच्या कुळाला संग्रहालये भितात, त्यातीलच काहींना हाडांचे सांगाडे स्वच्छ करण्यासाठी मोठ्या संस्था मुद्दाम पाळतात, हेही त्यांना त्यातूनच कळेल.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून जमविलेला संग्रह १९७५ मध्ये राज्याला अर्पण केला, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांचा सार्थ गौरव केला. मिळविणाऱ्याचा असा गौरव होतो. राखणाऱ्याचे नाव कोठे कोरले जात नाही. म्हणून संग्रहालयाच्या उद्घाटनाला मंत्री येतात आणि कपाटामागची जाळी बसवायला माणूस मिळत नाही. नव्या दालनासाठी अंदाजपत्रकात तरतूद होते. जुन्या दालनातील देखरेखीच्या माणसाची जागा मात्र काटकसरीच्या नावाखाली रिकामी ठेवता येते.

मराठी भाषेत कसर या शब्दाचे दोन अर्थ आहेत. वस्त्रे व ग्रंथ खाणारी कीड ही एक कसर. कर्तव्यात राहून गेलेली उणीव ही दुसरी. पहिली नेहमी दुसरीच्या वाटेने आत शिरते. पाऊस दरवर्षी येणारच, ओलावा वाढणारच आणि पाखरेही अंडी घालणारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भाद्रपद सरता सरता ऊन पडू लागेल, तेव्हा माळ्यावरचा पेटारा आणि प्रयोगशाळेतील कपाट एकदा उघडून पाहावे. आजोबांच्या भिंतीवरचे शिंग खाली उतरवून हाती घ्यावे आणि त्याच्या पोकळीत विजेरीचा उजेड टाकावा. आत काही नसेल तर एक सकाळ गेली. आत काही असेल तर एक वस्तू वाचली.